डायल प्लॅन लिहावा तर असा

अमेरिकेत घर घेतलंत, मॉर्टगेज सुरू झालं, गवत कापायचं यंत्रसुद्धा गॅरेजमध्ये येऊन बसलं. पण घरात अजून असा फोन नाही, जो लावण्याआधी घरच्यांना तुम्हाला विचारावं लागेल? मग आजच एक इंटरनेट फोन अडॅप्टर मागवा. छोटासा डबा असतो. एका बाजूने राउटरची वायर जाते, दुसऱ्या बाजूने जुन्या कॉर्डलेस फोनची. कंपनीने त्यात भरून पाठवलेला डायल प्लॅन, म्हणजे दाबलेल्या नंबराचं काय करायचं याचे नियम, बहुतेक घरांना पुरतो, म्हणून सगळ्यात आधी तोच पुसून टाका. जुनी ओळ कुठेही उतरवून ठेवू नका. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं घालवली ती काय दुसऱ्याने लिहिलेलं चालवायला?

कोणते आकडे दाबले की कॉल कुठल्या वाटेने पाठवायचा, हे सांगणारी एक ओळ म्हणजे डायल प्लॅन. कंस, उभ्या दांड्या, एक्स आणि टिंबं. एक्स म्हणजे कुठलाही आकडा, टिंब म्हणजे आधीचं चिन्ह हवं तितक्या वेळा. लिंक्सिसच्या डब्यात गोल कंस लागतात, ग्रँडस्ट्रीमच्या डब्यात महिरपी. त्यामुळे डबा बदलला की सगळं नव्याने लिहिण्याचा एक शनिवार आपोआप मिळतो.

सगळे कॉल एकाच कंपनीकडून पाठवणं हे आळशी माणसाचं लक्षण. अमेरिका-कॅनडा गूगल व्हॉइसवरून फुकट, भारत दुसऱ्या कंपनीवरून, टोल-फ्री तिसरीवरून, अशी विभागणी करा. ओबी नावाच्या डब्यावर दोनदा तारा आणि १ दाबलं की पहिली सेवा, दोनदा तारा आणि २ दाबलं की दुसरी. हे सगळं फ्रिजवर चिकटवा आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना एकदा जेवणानंतर नीट समजावून द्या. "अरे, नुसता नंबर फिरवला तर नाही का लागत?" असं बाबांनी विचारलं, तर त्यांना मिनिटाचा दर सांगा. सेंटमध्ये.

भारतासाठी काही कंपन्या दोन दर दाखवतात. अर्थात स्वस्तातला घ्यायचा. फार स्वस्त वाटेने गेलेले काही कॉल भारतात सिमबॉक्समधून, म्हणजे परदेशी कॉल साध्या सिमकार्डांवरून देशी कॉल म्हणून पुढे ढकलणाऱ्या डब्यातून, उतरतात. तो धंदा बेकायदा आहे, पण आपल्याला काय, आपण इकडे. पुण्यातल्या काकूंच्या फोनवर मात्र तुमच्या नंबराऐवजी भलताच भारतीय मोबाइल नंबर उमटतो. काकूंना लोनवाल्यांचे फोन रोजच येत असल्यामुळे त्या तो उचलत नाहीत. न उचललेल्या कॉलला पैसे पडत नाहीत, म्हणजे बचत शंभर टक्के.

आता कौशल्याचा भाग. भारतात फोन लावताना आधी ०११, मग ९१ दाबावं लागतं. त्यातले पहिले तीन आकडे वाचवलेच पाहिजेत. म्हणून नियम लिहा: ९१ ने सुरू होणारं काहीही आलं की पुढे ०११ तूच जोड. पुण्याचा कोड २०, मुंबईचा २२, नागपूरचा ७१२. सगळं सुरळीत चालतं आणि तुमची छाती फुगते. मग आई दिल्लीच्या मावशीला फोन लावायला बसते. दिल्लीचा कोड ११. आईने ९ दाबलं, १ दाबलं, आणखी एक १ दाबलं, आणि एव्हाना तुमच्या डब्याने पोलिसांना फोन लावलेला असतो. कारण '९११ आलं की क्षणभरही थांबू नकोस' हा नियमही तुम्हीच शहाणपणाने घातला होता. मावशीच्या नंबरातले उरलेले आकडे ऑपरेटरच्या कानात वाजत राहतात. घाबरून फोन ठेवलात तर तिकडून उलटा फोन येतो, आणि तोही नाही उचलला तर गाडी दाराशी येऊ शकते. चंदीगडचा कोड १७२, जयपूरचा १४१. नातेवाईक जोडताना यापुढे एवढं बघत चला.

उपाय सोपा आहे. न थांबण्याचा नियम काढून टाका. आता मावशी लागते, फक्त खरंच आग लागली आणि कोणी ९११ दाबलं, तर अजून काही आकडे येतात का याची डबा तीन सेकंद वाट बघतो. ज्यांना हेही कमी वाटतं, त्यांनी ऑफिससारखं '९ दाबा आणि बाहेरची लाइन घ्या' करावं. पहिला ९ डब्याने गिळायचा आणि उरलेलं पुढे पाठवायचं, की ९११ चं ११ होतं. ११ कुठेच लागत नाही.

एरिया कोड न लावता गावातल्या गावात सात आकडे दाबण्याचा जुना नियमही जपून ठेवा. ऑक्टोबर २०२१ पासून, ९८८ या मदतीच्या नंबरासाठी, बऱ्याच एरिया कोडांमध्ये गावातल्या गावातही दहा आकडे दाबावे लागतात. तरीही ठेवा. बाबा डायरीतून बघून नंबर दाबताना सातव्या आकड्याशी चष्मा पुसायला थांबले, की डबा नंबर पूर्ण झाला असं समजून तेवढाच पाठवून देतो.

राहिला, मदत कुठे पाठवायची ते ९११ ला कळावं म्हणून पत्ता नोंदवण्याचा प्रश्न. २००५ मध्ये एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने इंटरनेट फोन कंपन्यांना ही सोय देणं बंधनकारक केलं, आणि काही कंपन्या त्यासाठी महिन्याला एक-दीड डॉलर घेतात. एवढी उधळपट्टी कशाला? गूगल व्हॉइसच्या वैयक्तिक खात्यावरून तर ९११ लागतच नाही, त्यामुळे तिथे खर्च शून्य. शिवाय वीज गेली की राउटर बंद आणि डबाही बंद. जुन्या तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून मिळायची, म्हणून अंधारातही डायल टोन यायचा. तसलं मागासलेपण आता राहिलं नाही.

एक मात्र करू नका. बऱ्याच कंपन्यांच्या लाइनवर ९३३ दाबलं, की यंत्र तुमचा नोंदवलेला पत्ता वाचून दाखवतं. त्या वाटेला जाऊ नका. ते तुम्हाला घर घेण्याआधीच्या अपार्टमेंटचा पत्ता ऐकवेल. मग तो बदलण्यासाठी कंपनीच्या साइटचा पासवर्ड शोधावा लागेल, आणि तो बदलायची लिंक ज्या ईमेलवर येते ते तुमच्या मागच्या नोकरीचं आहे.