दोन बादल्या पाणी गेलं म्हणजे ड्रेनेज लाइन पास होत नाही

आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. ‘घराची ड्रेनेज लाइन नवीन टाकलीत? वरच्या चेंबरमध्ये दोन बादल्या पाणी ओता. खालच्या चेंबरला धो धो आलं की काम पास, चर बुजवून टाका. पाईप आयएसआय मार्कचा असेल तर वेगळी टेस्ट नको. ढाळ जितका जास्त तितका चांगला, पाईप चारऐवजी सहा इंची घ्या आणि मधले चेंबर टाळा, वास येतो.’ चार जणांनी मला तो पाठवला. यातलं एकेक वाक्य पुन्हा अंगण खोदायला लावणारं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी त्या दोन बादल्या. पुण्यातल्या सहकारनगरच्या आमच्या घराची जुनी लाइन चिनी मातीच्या पाईपची होती. उंबराची मुळं सांध्यांत शिरली म्हणून एप्रिलमध्ये सगळी बदलली. मिस्त्रींनी दोन बादल्या ओतल्या, पाणी खळखळत गेलं आणि संध्याकाळी चर बुजला. जुलैत तळमजल्याच्या बाथरूमची जाळी बुडबुडायला लागली, आणि एका सकाळी आईच्या पायाशी मैलापाणी वर आलं. पुन्हा खोदलं तेव्हा कळलं, पाईपखाली मुरूम बसवण्याऐवजी राडारोडा टाकला होता. दोन दगडांच्या मधे पाईप लोंबून त्याला पोट पडलं होतं. पाच फुटांत पाणी साचून होतं आणि तळाला घट्ट गाळ.

अशा पोटावरूनही दोन बादल्या पाणी आरामात जातं. खड्डा भरतो, वरचं पाणी पुढे वाहतं आणि खालच्या चेंबरला जोरात आलेलं दिसतं. मैला मात्र त्या संथ पाण्यात बसतो, रोज थोडा थोडा. बादलीची परीक्षा फक्त लाइन पूर्ण बंद नाही एवढंच सांगते.

खरी तपासणी चर उघडा असतानाच करायची. पाणी सोडा, दहा मिनिटं थांबा. मग एका चेंबरमध्ये पाईपच्या तोंडाशी टॉर्च धरा आणि दुसऱ्या चेंबरमध्ये आरसा तिरका धरून बघा. लाइन सरळ असेल तर प्रकाशाचा पूर्ण गोल दिसतो. गोल खालून सपाट कापलेला दिसला, तर तिथे पाणी साचलंय. बाजूने कापलेला दिसला तर पाईप वाकलाय. दुसरी परीक्षा चेंडूची. पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा 13 मिलिमीटरने लहान, गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाला सोडायचा. तो आपोआप गडगडत खाली बाहेर आला पाहिजे. चार इंची पाईपसाठी साधारण 87 मिलिमीटरचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा मोठा. मी त्याला सुतळी बांधली होती. अडकला तर ओढून काढता येतो, आणि किती सुतळी आत गेली त्यावरून अडथळा किती फुटांवर आहे तेही कळतं. या दोन्ही चाचण्या भारतीय मानकांमध्ये दिलेल्या आहेत.

आयएसआय मार्क पाईपला असतो, सांध्याला नसतो. सांधा आपल्या अंगणात कोणीतरी हाताने जोडतो, कधी ओल्या, मातीने माखलेल्या पाईपवर. सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे पीव्हीसी पाईप चिकटवायचं द्रव्य, एक दिवस सुकू द्या. मग खालचं तोंड रबरी बुचाने बंद करून लाइन पाण्याने भरा, वरच्या टोकाला दीड मीटर उंचीचा उभा पाईप लावून तोही भरा आणि पातळीवर खूण करा. सुरुवातीला हवा निघून पातळी थोडी उतरेल, तेवढं पाणी घालून घ्या. त्यानंतरही पीव्हीसीच्या लाइनमध्ये पातळी उतरत राहिली, तर एकेक सांधा कोरड्या फडक्याने पुसून पाहा. आमच्याकडे एका बेंडखाली फडकं ओलं झालं.

ढाळाचं गणित करून बघा. महापालिकेच्या चेंबरची खोली ठरलेली असते, म्हणजे आपल्या वाट्याला उतार मोजकाच येतो. समजा 12 मीटरमध्ये 24 सेंटिमीटर मिळतात, म्हणजे 50 ला 1 (50 मीटर लांबीला 1 मीटर उतार). पहिल्या 4 मीटरमध्येच 15 सेंटिमीटर उधळले, तर उरलेल्या 8 मीटरला 9 सेंटिमीटर राहतात, जवळपास 89 ला 1. चार इंची लाइन स्वतःहून स्वच्छ राहण्यासाठी 57 ला 1 च्या आसपास ढाळ धरतात, त्यामुळे तो शेवटचा भागच तुंबणार. ढाळ एकसारखा हवा. पाण्याची पारदर्शक नळी धरून प्रत्येक दोन मीटरवर मोजून घ्या, मिस्त्रींच्या नजरेच्या अंदाजावर सोडू नका.

सहा इंची पाईपात एका घराचं पाणी पसरून पातळ वाहतं आणि मैला पुढे ढकलायला कमी पडतं. एका कुटुंबाला चार इंच पुरतात.

चेंबरला वास येतो तो झाकण नीट बसत नसल्यामुळे. लाइन जिथे वळते तिथे चेंबर हवाच, नाहीतर तुंबल्यावर बांबूची पट्टी घालायची कुठून? आणि मग ‘जरा आत उतरून बघ’ म्हणत कोणातरी गरीब माणसाला खाली पाठवलं जातं. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने मनाई आहे. गटारातल्या विषारी वायूने माणसं मरतात. कोणाच्याही चेंबरवर ही वेळ येऊ नये.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट पुण्याच्या पावसामुळे सांगतो. गच्चीच्या पन्हाळीत कपड्यांची थोडी नीळ कालवून पाणी सोडा. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये निळं पाणी आलं, तर पावसाचा पाईप मैल्याच्या लाइनला जोडलेला आहे. जुलैत तो सगळा पाऊस तुमच्या तळमजल्याकडे वळेल. आत्ताच तोडून घ्या.

चर बुजवताना पाईपखाली आणि बाजूला बारीक मुरूम किंवा वाळू टाकून घ्या, राडारोडा नको. बुजवून झाल्यावर, फरशी बसवण्याआधी, आरसा आणि चेंडू पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी आम्ही तसंच केलं. वरच्या चेंबरशी मी चेंडू सोडला, आणि खालच्या चेंबरशी उभ्या मिस्त्रींनी हात वर करून ‘आला!’ म्हटलं, तेव्हा मी शेवटचा हप्ता दिला.