पार्किंगमधल्या ऑइलच्या डागाची निगा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुमच्या गाडीखाली दोन वीत रुंदीचा काळा डाग पडला आहे आणि 'ही गाडी कोणाची?' असा निरागस प्रश्न जोडून त्याचा फोटो ग्रुपवर आला आहे. फोटोत नंबर प्लेट ठसठशीत दिसते, तेव्हा प्रश्न फार गहन नाही. तरी गडबडून जाऊ नका. 'बघतो' एवढंच लिहा, आणि बघू नका.

या न बघण्याला शास्त्रीय आधार आहे. काँक्रीट कितीही घट्ट दिसलं तरी आतून बारीक छिद्रांनी भरलेलं असतं आणि खारी चहा पिते तसं ते ऑइल पितं. पहिले काही तास ऑइल वरच्या वर असतं. तेवढ्यात एखाद्या अतिउत्साही माणसाने वखारीतून भुसा आणून त्यावर टाकला, किंवा राख टाकली, किंवा घरातली पांढरी रांगोळी ओतली (ती तरी काय, दगडाची भुकटीच), न घासता नुसती दाबून रात्रभर ठेवली आणि सकाळी सुपलीत भरून उचलली, तर निम्मं काम तिथेच आटोपतं. ना मीटिंग, ना ठराव, ना तीन कोटेशनं. इतक्या स्वस्तात प्रश्न सुटला तर कमिटीने करायचं काय? तेव्हा ऑइलला मुरू द्या. वरून चार दिवस चाकं फिरली, धूळ बसली, की त्याला खरा रंग चढतो.

डाग नीट मुरला की वॉचमनला हाक मारा आणि पाण्याचा पाइप सोडायला सांगा. पाणी आणि तेल यांचं जमत नाही हे आपण शाळेत शिकलो, पण शाळेतलं ज्ञान पार्किंगमध्ये आणायचं नसतं. छिद्रात बसलेलं ऑइल जागचं हलत नाही. जे वर सुटं होतं ते मात्र पाण्यावर तरंगत उताराच्या दिशेने निघतं, आणि बिल्डरने उतार नेहमी शेजाऱ्याच्या जागेकडे दिलेला असतो. एकाचे दोन डाग झाले, म्हणजे जबाबदारीही निम्मी झाली. उरलेलं पावसाळी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातं. नदीला काय, ती आधीच सगळं सोसते आहे.

मग तिसऱ्या मजल्यावरचे कोणीतरी काका ॲसिडची बाटली घेऊन खाली उतरतील. त्यांना अडवू नका. संडासाच्या फरशीसाठी दारावर मिळतं तेच हे ॲसिड. ओतल्याबरोबर फसफसतं, धूर येतो, जमलेले लोक 'निघतंय, निघतंय' म्हणून पुढे सरकतात. निघत असतं ते सिमेंट. ॲसिड सिमेंटमधला चुना खातं, तेलाला शिवतसुद्धा नाही. फेस ओसरला की दिसतं असं: भोवती पांढुरका, खरखरीत, खडी उघडी पडलेला पट्टा आणि मधोमध आपला काळा डाग, आता चौकटीत बसवल्यासारखा. शिवाय खरखरीत झालेला भाग पुढचं ऑइल दुप्पट आनंदाने पितो. एकच गोष्ट मात्र उपरोधानेसुद्धा सुचवत नाही: ॲसिडवर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच टाकायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंदिस्त पार्किंगमध्ये तो डागाऐवजी माणसं काढतो.

पेट्रोल आणि रॉकेलवाल्यांचा एक वेगळा पंथ आहे. 'तेलाला तेलच काढतं' हे त्यांचं ब्रीद. त्यात अगदीच खोटं नाही. पेट्रोलने ऑइल पातळ होतं, आणि पातळ झालेलं ऑइल अजून खोल उतरतं. वरून डाग फिकट दिसतो, काका हात झटकतात, आठवड्याने तो जरा मोठा होऊन परत वर येतो. हे सगळं शक्यतो इलेक्ट्रिक मीटरच्या बोर्डासमोर करतात, कारण सगळ्या इमारतीत पेट्रोल ओतायला बिल्डरने दुसरी मोकळी जागाच ठेवलेली नाही.

एवढं सगळं होईपर्यंत बी विंगमधले निवृत्त इंजिनिअर एखाद्या बाकावर शांत बसलेले असतात. त्यांच्याकडे जाऊ नका. ते सांगतील ते कंटाळवाणं असतं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घाला, डागावर ओतून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, काथ्याच्या किंवा नायलॉनच्या कडक ब्रशने घासा, तारेचा नको, आणि वर आलेलं काळं पाणी पाइपने पुढे न ढकलता फडक्याने टिपून घ्या. मग परत तेच. डाग जुना असेल तर डिग्रीजरमध्ये, म्हणजे तेलकटपणा सोडवणाऱ्या द्रवात, बारीक भुकटी कालवून दाट लेप लावा, वर प्लॅस्टिक दाबून ठेवा, वाळला की खरवडून काढा. सगळ्यात वाईट म्हणजे शेवटी ते प्रामाणिकपणे सांगतात, "सावली थोडी राहीलच." अशा माणसाला कमिटीवर कोण घेणार?

आणि त्यानंतर ते विचारतात तो प्रश्न तर भर सभेत विचारण्यासारखाच नाही: "पण ऑइल येतंय कुठून?"

इथे मात्र तुम्हाला दक्ष राहावं लागेल. डागाबद्दल हवं तितकं बोला, गळतीचं नाव काढू नका. गळती शोधणं फार सोपं आहे, म्हणूनच धोक्याचं. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी ओढून काढायचा. इंजिनाखाली तपकिरी-काळे थेंब म्हणजे इंजिन ऑइल. लालसर असेल तर बहुतेक गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टिअरिंगचं. हिरवट किंवा गुलाबी असेल तर कूलंट. नुसतं पाणी म्हणजे एसीचं, त्याला दोष नाही. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली तर मस्करी बाजूला ठेवा, तो ब्रेक ऑइलचा मामला असू शकतो आणि ती गाडी तशीच बाहेर काढायची नसते. बाकी सगळ्या बाबतीत पुठ्ठा गुपचूप रद्दीत टाका.

गॅरेजवाल्याचा या कामी मोठा आधार असतो. तो गाडीखाली वाकून बोट फिरवतो, बोट स्वतःच्या पँटला पुसतो आणि म्हणतो, "चालतंय साहेब, पसीना आहे नुसता." बऱ्याचदा दोष ड्रेन नटच्या वायसरचा असतो. सर्व्हिसिंगच्या वेळी ऑइल काढलं, नट परत आवळला, वायसर जुनाच राहिला. हा चपटा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा छल्ला वडापावपेक्षा महाग नसतो. तो बदलला तर कदाचित सगळं प्रकरणच मिटेल, म्हणून तर त्याचा विषय काढायचा नाही. तुम्ही दर पंधरवड्याला वरून थोडं ऑइल टाकत राहा. ओतीव लोखंडाच्या इंजिनाची जुनी बुलेट बाळगणारे तर थेंब दिसला नाही की काळजीत पडायचे, ऑइल संपलं की काय म्हणून. तुम्हीही ती परंपरा चालवा. काढलेलं जळकं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं असं २०१६चे नियम सांगतात, ते नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवं. पण थेंबाथेंबाने स्वतःच गेलं तर त्याला कोण अडवतो?

आता सर्वसाधारण सभा. ती सप्टेंबरअखेर असते, म्हणजे डागाला ऐन पावसाळा मिळालेला असतो आणि ओल्या फरशीवर त्याचे इंद्रधनुषी रंग पाहायला मिळतात. मुद्दा अजेंड्यावर 'इतर विषय' मध्ये येईल. लगेच उभे राहा आणि विषय जागेच्या मालकीवर न्या. इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगून ठेवलं आहे. म्हणजे पार्किंग सोसायटीचं, पार्किंग सोसायटीचं तर काँक्रीट सोसायटीचं, आणि काँक्रीट ऑइल पीत असेल तर दोष पिणाऱ्याचा. या युक्तिवादावर किमान तीन जण कपाळाला हात लावतील, पण उत्तर कोणालाही देता येणार नाही. मग चहा येतो. त्यानंतर सगळं पार्किंग उकरून पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव एकमताने मंजूर होतो. ब्लॉकही सिमेंटचेच असतात, तेही पितात, हे विचारणारे इंजिनिअर तोवर चहा घेऊन घरी गेलेले असतात.

ब्लॉकचा खर्च पुढच्या वर्षीच्या निधीवर ढकलला जाईल, तेवढ्यात गाडी विकून टाका. घेणाऱ्याला दाखवताना ती डागापासून चार हात पुढे, कोरड्या जागी उभी करा. त्याच पैशात भर घालून इलेक्ट्रिक गाडी घ्या आणि ती जुन्या डागावर नेमकी लावा. महिन्याभरात सेक्रेटरींच्या सहीची नोटीस दाराला चिकटेल: 'आपल्या वाहनातून इंजिन ऑइलची गळती होत असून सात दिवसांत दुरुस्ती करून मेकॅनिकचं पत्र कार्यालयात सादर करावे.' मुदतीत पत्र द्या. गॅरेजवाला लिहून देईल, तो नाही म्हणत नाही.