बॉल जॉइंटले सिरिंजनं ग्रीस? थांबा, राजेहो

पाऊस पडून रस्ते उखडले की नागपुरातल्या आमच्या मानेवाड्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास उगवतो. यंदाही उगवला. 'पुढच्या चाकातून खडखड येते? मेकॅनिककडे पळू नका. हे सहा उपाय करा, हजारो रुपये वाचवा. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.' खालच्या मजल्यावरच्या काकांनी तो वाचला आणि मेडिकलमधून मोठी सिरिंज, घाट रोडवरून ग्रीसचा डबा आणून ठेवला. म्हणून हे लिहितोय. मी मेकॅनिक नाही. दीड लाख किलोमीटरला टेकलेली एक हॅचबॅक माझ्याकडे आहे आणि तिच्या पुढच्या चाकांशी आडवं पडण्यात माझे बरेच रविवार गेलेत.

मजकुरातला राग खोटा नाही, हे आधीच सांगतो. खडखड ऐकवली की चाकाला हातही न लावता 'पूर्ण सस्पेन्शन करावं लागते भाऊ' म्हणणारे आपल्या गावात आहेत. राग बरोबर, उपाय मात्र बहुतेक घातक.

पहिला उपाय: 'आवाज म्हणजे वाळलेलं रबर. लोअर आर्मच्या बुशवर जुनं इंजिन ऑइल मारा.' लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी दांडी, आणि बुश म्हणजे तिच्या टोकाला लोखंडी नळीभोवती पक्कं चिकटवलेलं रबर. नैसर्गिक रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि नळीपासून सुटायला लागतं. आपल्याकडच्या मे महिन्याने रबर आधीच तडकवलेलं असतं, त्यात हे. आठवडाभर आवाज बंद होतो, नंतर बुशच राहत नाही. कुईकुई नेमकी कुठून येते एवढंच शोधायचं असेल तर साध्या पाण्याचा फवारा एकेका बुशवर मारा. ज्यावर मारल्यावर दोन मिनिटं आवाज थांबला, तो बुश. पाणी वाळून जातं, काही बिघडत नाही.

आता सिरिंज. 'बॉल जॉइंटच्या रबरात सुई घालून ग्रीस भरा, जॉइंट नव्यासारखा.' ही कल्पना कुठून आली ते मला कळतं. पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या काळात पुढच्या सांध्यांना ग्रीसचे निपल असायचे, दर सर्व्हिसला गन लावून ग्रीस भरायचेच. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत बॉल जॉइंट कायमचा बंद करून येतो: पोलादी घर, आत प्लास्टिकचं आसन, त्यात बसलेला गोळा, कारखान्यात भरलेलं ग्रीस आणि वरून रबरी टोपी. टोपी फाटली की धूळ-पाणी आत जातं आणि ग्रीस सॅंडपेपरचं काम करायला लागतं. गोळा आणि आसन झिजल्यावर मधे जी फट पडते ती ग्रीसने भरते खरी, पण ग्रीस काही धातू नव्हे. आवाज मात्र दबतो, आणि हेच वाईट, कारण तो आवाज शेवटची सूचना असू शकतो. हा जॉइंट चाकाचा खालचा भाग धरून असतो. तो निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला पसरतं, एक्सल ओढला जातो आणि गाडी पोटावर येते. वर्धा रोडवर भर गर्दीत हे कोणाला नको.

काकांच्या गाडीत तर गंमतच होती. रविवारी सकाळी आम्ही दोघं खाली उतरलो, चाक आत वळवून टॉर्च मारला. दोन्ही बॉल जॉइंटच्या टोप्या शाबूत, कोरड्या, एक चीर नाही. म्हणजे काका सुई घालून चांगल्या टोपीला स्वतःच्या हाताने भोक पाडणार होते. मी विचारलं, ''आवाज कधी येते?'' तर म्हणाले, ''सिमेंट रोडवरून बाजूच्या गट्टूवर चाक उतरलं का, डावीकडून. ब्रेकरवर नाही येत.''

अर्धं निदान इथेच झालं. सरळ ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, तेव्हा स्टॅबिलायझर बारला (पुढची दोन्ही चाकं जोडणारी, वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारी सळी) पिळ बसत नाही आणि त्याला चाकाशी जोडणाऱ्या छोट्या लिंक रॉडला फारसं काम नसतं. एकच चाक खाली उतरलं की बार पिळतो आणि लिंक रॉडचे ढिले गोळे ठकठक करतात. त्यासाठी तिसरा उपाय बघावा लागेल.

'जॅकवर चाक उचला, हाताने हलवा. हललं नाही तर सगळं ठीक.' हा उपाय अर्धा बरोबर आहे आणि अर्ध्या बरोबर गोष्टीच जास्त फसवतात. चाक हलवायचंच, पण कुठे धरून? घड्याळातल्या ९ आणि ३ वर हात ठेवून हललं तर बहुधा टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) किंवा रॅकचा, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर डावी-उजवी सरकणाऱ्या दांडीचा, आतला जॉइंट. १२ आणि ६ वर हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. या दोघांत निवड करायला कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. हालचाल गायब झाली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. जॅक कुठे लावला यावरही अवलंबून आहे. आपल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये स्प्रिंग शॉकअपवर बसलेली असते, तिथे जॅक बॉडीखाली लावून चाक लोंबतं ठेवायचं. इनोव्हा क्रिस्टासारख्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे जॅक आर्मखालीच लावावा लागतो, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा.

लिंक रॉड या परीक्षेत सापडतच नाही. एक चाक उचललं की बार पिळून लिंक ताणली जाते आणि ढिलेपणा लपतो. चारही चाकं जमिनीवर असताना, गाडी पिटवर किंवा रॅम्पवर घेऊन, लिंक हाताने हलवायची. काकांची डावी लिंक हातात चमच्यासारखी वाजली. पुढच्या स्वस्त सुट्या भागांपैकी हा एक, दोन नट. नट नायलॉनच्या कड्याचे असतात, जुने परत वापरायचे नाहीत.

टाय रॉडसाठीही जमिनीवरची परीक्षा जास्त खरी. इंजिन चालू, आतल्या माणसाने स्टिअरिंग दोन-तीन इंच डावं-उजवं करायचं, बाहेरच्याने जॉइंटवर बोट ठेवायचं. ढिला जॉइंट बोटाला टकटक सांगतो.

चौथा: 'गाडी एका बाजूला ओढते म्हणजे अलाइनमेंट करा, बास.' आधी हवा तपासा. मग पुढची दोन टायरं अदलाबदल करून बघा (एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेली, बाजू ठरलेली टायरं नसतील तर). ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. चालवून आल्यावर एकच रिम जास्त तापली असेल तर ब्रेक अडकतोय. एवढं झाल्यावर अलाइनमेंट. जॉइंट ढिला असताना केलेल्या अलाइनमेंटला अर्थ नाही, मशीनवर हिरवे दिसलेले आकडे पहिल्या खड्ड्यात बदलतात.

'जोडीने बदला म्हणतात ती लूट.' पाचवा मुद्दा, आणि इथे मी मजकुराच्या बाजूने अर्धा आहे. शॉकअप जोडीनेच बदलावेत, एक नवा एक थकलेला असला तर वळणावर आणि ब्रेक मारताना दोन्ही बाजू वेगळ्या वागतात. टाय रॉड एंड किंवा लोअर आर्म जो झिजला तोच. दुसरा चांगला असेल तर त्याला हात लावू देऊ नका आणि काढलेला जुना भाग मागून घ्या.

सहावा उपाय काढणाऱ्याने कायदा वाचलाय असं वाटतं: 'स्टिअरिंगमध्ये ३० पर्यंत प्ले चालतो.' प्ले म्हणजे चाक न वळता स्टिअरिंग रिकामं फिरणं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९८ मध्ये ३० आहे खरं, पण ते अंश आहेत आणि ती ट्रकपासून सगळ्यांना लागू असलेली शेवटची हद्द आहे. साधारण ३७ सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेवर जवळपास १० सेंटीमीटर. अनेक छोट्या गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येही ३० असतं, फक्त ते मिलिमीटर. रॅकवाल्या गाडीत १० सेंटीमीटर रिकामं फिरत असेल तर आरटीओची वाट बघू नका.

मजकुरात एक गोष्ट नाही, ती मी पैसे घालवून शिकलो. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये दोन्ही लोअर आर्म नवे टाकले, चांगल्या कंपनीचे. पाच महिन्यांत मागचे बुश फाटले. मला वाटलं माल डुप्लिकेट. दुसऱ्या मिस्त्रीने फाटलेलं रबर बोटाने फिरवून दाखवलं, सगळ्या चिरा एकाच दिशेने पिळलेल्या. आधीच्याने चाकं लोंबत असताना बुशचे बोल्ट शेवटपर्यंत कसले होते. गाडी खाली आली की आर्म वर जातो, पण नळी कसलेल्या जागीच अडकलेली असते, त्यामुळे रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेलं राहतं. बोल्ट नुसते अडकवायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं, मग कसायचे. तेव्हापासून त्या शेवटच्या पान्याच्या वेळी मी रॅम्पपाशी उभा राहतो. मिस्त्रीला ते आवडत नाही.