गाण्यावर मोक्का

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मागणी दर काही महिन्यांनी फिरून येते. पुण्यात कुठेतरी पोरं कोयते नाचवत दुचाकीवरून जातात, उभ्या गाड्यांच्या काचा फोडतात, दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एकाचं रील सापडतं, मागे रॅप वाजत असतो. मग सिंहगड रोडवरचे आमचे भाऊजी लिहितात, "मोक्का लावा सगळ्यांना. गाणं म्हणणाऱ्यालाही लावा." आणि पुढची ओळ खास माझ्यासाठी: "तुमच्या अमेरिकेत असलं खपवून घेत नाहीत. सरळ आत."

भाऊजींचं खरंच आहे. सरळ आत टाकतात. मी अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटात राहतो, म्हणजे फुल्टन काउंटीत. याच काउंटीने ९ मे २०२२ ला एका रॅपरला आत टाकलं आणि त्याच्या गाण्यांच्या ओळी आरोपपत्रात घातल्या. जेफ्री लमार विल्यम्स त्याचं नाव, जग त्याला यंग थग म्हणतं. भाऊजींना जे पुण्यात व्हावंसं वाटतं, ते इथे अगदी मापात झालंय. त्याचं पुढे काय झालं ते मात्र ग्रुपवर कुणी विचारत नाही.

थग १९९१ चा. दक्षिण अटलांटातल्या जोन्सबरो साउथ नावाच्या सरकारी घरकुलांत वाढला, अकरा भावंडांतला दहावा. सहावीत असताना शिक्षकाचा हात मोडला म्हणून बालसुधारगृहात गेला. त्याची पहिली मिक्सटेप, म्हणजे गाण्यांचा संच, २०११ ची. आपण शून्यातून आलो, हे तो तिच्या नावातच सांगत होता. तीन-चार वर्षांत त्याचा आवाज सगळीकडे ऐकू यायला लागला. तो शब्द पूर्ण उच्चारत नाही. अर्धा गिळतो, अर्धा किंकाळीत फेकतो, मध्येच कुठलीतरी सुरावट धरून तीच घोळवत बसतो. माझी मुलगी शाळेत असताना गाडीत हे लावायची तेव्हा मी वैतागायचो. पुढे कान सरावला, तेव्हा लक्षात आलं की हे तराण्यातल्या बोलांसारखं ऐकायचं असतं. अर्थ मागे राहिला तरी चालतो, लय सुटता कामा नये.

२०१६ मध्ये त्याने मिक्सटेपच्या मुखपृष्ठावर लांब, चुण्यांचा, जांभळट झगा घालून फोटो दिला. गल्लीतल्या दादागिरीवर गाणाऱ्याने असं करणं म्हणजे आपल्याच मंडळींना डिवचणं होतं. त्याच वर्षी त्याने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, यंग स्टोनर लाइफ, थोडक्यात वायएसएल. २०१९ मध्ये 'धिस इज अमेरिका' या गाण्याला वर्षातलं सर्वोत्तम गाणं म्हणून ग्रॅमी मिळालं, त्याच्या लेखकांत त्याचं नाव आहे. त्याच वर्षीचा 'सो मच फन' आणि २०२१ चा 'पंक', दोन्ही अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिले आले.

हा आवाज अटलांटात थांबला नाही. पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या रॅपर एमसी स्टॅनने ऑटोट्यून लावून, शब्द चावत-लांबवत जी शैली पुण्यात रुजवली, तिची मुळं शोधत गेलात तर ट्रॅप नावाच्या अटलांटाच्या याच रॅपशी येऊन पोचाल. स्टॅनच्या २०२० च्या अल्बमचं नाव 'तडीपार'. तिथे ते नुसतं नाव होतं. थगच्या बाबतीत पुढे कोर्टाचा हुकूम झाला, पण त्याकडे येतोच.

आरोपपत्रात २८ जण होते आणि ५६ आरोप. कायदा रिको, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी. केंद्राचा रिको १९७० चा, माफियासाठी केलेला. जॉर्जियाने १९८० मध्ये आपला स्वतःचा केला, आणि तो केंद्रापेक्षा ऐसपैस आहे. आपला १९९९ चा मोक्का याच गोत्रातला. प्रत्येकाने काय केलं हे सुटं सिद्ध करत बसायचं नाही. आधी टोळी दाखवायची, मग टोळीसाठी केलेली कृत्यं एका माळेत ओवायची. सरकारी पक्ष म्हणाला, वायएसएल ही रेकॉर्ड कंपनी नाही, ती यंग स्लाइम लाइफ नावाची टोळी आहे आणि थग तिचा म्होरक्या. टोळीसाठी केलेल्या कृत्यांच्या यादीत गोळीबार होते, तसेच म्युझिक व्हिडिओत नाचणं, कंपनीच्या नावाचे कपडे घालणं आणि गाण्यातल्या ओळीही होत्या. एका ओळीचा मतलब असा, की मी कुणाला मारलेलं नाही, पण त्या प्रेताशी माझा काहीतरी संबंध आहे. जिल्ह्याच्या मुख्य सरकारी वकील फानी विलिस यांनी पत्रकारांपुढे स्पष्टच सांगितलं होतं, तालावर गुन्हा कबूल कराल तर मी तो वापरणार. याच बाईंनी पुढे याच कायद्याखाली ट्रम्प यांच्यावर आरोपपत्र ठेवलं. त्याआधी, २०१५ मध्ये, अटलांटातल्या शाळांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त करणारे ११ शिक्षक आणि अधिकारी याच रिकोखाली दोषी ठरले, त्याही खटल्यात त्या सरकारी वकील होत्या. माफियासाठी केलेला कायदा उत्तरपत्रिकेतल्या खाडाखोडीपर्यंत पोचला, हे मोक्का-मोक्का करणाऱ्यांनी जरा लक्षात ठेवावं.

ज्युरी निवडायला जानेवारी २०२३ मध्ये सुरुवात झाली आणि ती निवडता निवडता नोव्हेंबर उजाडला. दहा महिने! आमच्याकडच्या नागरिक झालेल्या मराठी मंडळींत त्या वर्षी समन्स या शब्दाचीच धास्ती होती, कारण खटला कित्येक महिने चालणार हे उघड होतं आणि रोजचं काम कुणाला सुटतं? समन्स टाळून परदेशी गेलेल्या एका बाईंना न्यायाधीशांनी ज्युरीच्या कामाचं महत्त्व या विषयावर ३० पानांचा निबंध लिहायला लावला, संदर्भांसकट. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शेखाली दोन जीव गेले आणि अल्पवयीन चालकाला काही तासांत जामीन, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध, अशी बातमी आली तेव्हा मला आधी त्या ३० पानांची आठवण झाली. निबंधाच्या बाबतीत अटलांटा पुण्याच्या पुढे आहे, असं मी ग्रुपवर लिहिलं. कुणाला हसू आलं नाही, ते योग्यच होतं.

खटल्याचं काय झालं ते थोडक्यात सांगता येत नाही, कारण त्यात थोडकं काही नव्हतंच. न्यायाधीश ग्लानव्हिल यांनी गाण्यांचे १७ उतारे पुराव्यात अटींवर घेता येतील असा निर्णय दिला. सुरुवातीच्या भाषणात थगचे वकील ब्रायन स्टील यांनी ज्युरीला सांगितलं की थग या नावाचा अर्थ 'देवापुढे खरोखर नम्र' असा आहे. (पुण्यातल्या एखाद्या 'भाई'च्या वकिलाला हे सुचावं.) पहिल्याच महिन्यात सहआरोपीवर तुरुंगात चाकूहल्ला झाला, काम थांबलं. जून २०२४ मध्ये न्यायाधीश, सरकारी वकील आणि एक महत्त्वाचा साक्षीदार यांची बंद दाराआड बैठक झाल्याचं स्टील यांना कळलं. कुणाकडून कळलं ते सांगा, असं न्यायाधीश म्हणाले. स्टील यांनी सांगितलं नाही, म्हणून त्यांनाच अवमानाबद्दल दहा शनिवार-रविवार कोठडीची शिक्षा. ठेवणारच असाल तर माझ्या अशिलाच्या तुरुंगात ठेवा, तिथे खटल्याचं काम करता येईल, असं ते म्हणाले. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा थांबवली, आणि जुलैत ग्लानव्हिल यांना खटल्यावरून बाजूला केलं गेलं. जॉर्जियाच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला फौजदारी खटला.

या सगळ्या काळात थग कोठडीत होता. जामीन पुन्हा पुन्हा नाकारला. सुमारे अडीच वर्षं, कुठलाही आरोप सिद्ध न होता. २०२३ मध्ये त्याचा अल्बम आला तोही तो आत असतानाच. शेवटी ३१ ऑक्टोबर २०२४ ला त्याने टोळी, अमली पदार्थ आणि बंदुकांचे काही आरोप कबूल केले. रिकोच्या आरोपावर कबुली दिली नाही आणि लढलाही नाही, अशी इथे सोय आहे. सरकारी पक्षाने २५ वर्षं तुरुंग मागितला होता. नव्या न्यायाधीश बाईंनी आजवर भोगली तेवढी कोठडी पुरे धरली, वर १५ वर्षं प्रोबेशन, म्हणजे बाहेर राहून कोर्टाच्या अटी पाळणं, दिलं, आणि तो त्याच रात्री बाहेर आला. अट अशी की पहिली दहा वर्षं अटलांटा महानगरात राहायचं नाही. घरातलं लग्न, मयत, पदवीदान एवढ्यापुरतं यायचं. आणि वर्षातून चार वेळा मात्र यायचंच, मुलांना टोळी आणि बंदुकीविरुद्ध समजावून सांगायला. आपल्या पोलीस कायद्यात तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची. इथे दहा.

आणि खून? २०१५ मध्ये डोनोव्हन थॉमस नावाचा माणूस गोळ्या घालून मारला गेला होता. आरोपपत्राचा खरा गाभा तो होता. त्या खुनाचे दोन आरोपी शेवटपर्यंत लढले. ३ डिसेंबर २०२४ ला ज्युरीने दोघांनाही खुनातून आणि कटातून निर्दोष सोडलं. एक बेकायदा बंदुकीपुरता दोषी ठरला, बस.

माझं म्हणणं इथे आहे. थग साधुसंत आहे असं मला म्हणायचं नाही. त्याने स्वतःच कबूल केलेले आरोप किरकोळ नाहीत, आणि जोन्सबरो साउथमध्ये गोळ्या गाण्यांतून सुटत नव्हत्या, बंदुकीतून सुटत होत्या. पण २८ जणांची मोट बांधायची, तिला गाण्यांचा दोरा वापरायचा, या हट्टापायी एका खुनाचा तपास गाळात गेला असं मला वाटतं. ज्युरीने शेकडो साक्षी-पुरावे ऐकले, त्यांत कोण काय म्हणालं यावर दिवसच्या दिवस गेले. थॉमसच्या घरच्यांच्या पदरात दहा वर्षांनी काय पडलं? एका आरोपीची बंदूक. गाणं हा पुरावा म्हणून स्वस्त पडतो. यूट्यूबवर आयता मिळतो, साक्षीदारासारखा फिरत नाही, ज्युरीला ऐकवला की अंगावर काटा येतो. म्हणूनच तपास करणाऱ्याला तो आळशी करतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या पोलीस आयुक्तांनी अडीचशेहून जास्त गुन्हेगारांची आयुक्तालयात परेड काढली आणि रील्स टाकाल तर खबरदार, असा दम भरला. ग्रुपवर टाळ्या पडल्या. मीही त्यांत एक अंगठा टाकला होता, कारण त्या रील्सची किळस मलाही येते. तरीही दमाचा विषय काय होता पाहा. कोयता कुठून आला हा नाही, पोरगं शाळेतून कधी गळालं हाही नाही. रील हा विषय. वर्षभर आधी, एप्रिल २०२३ मध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने कुणाचं नाव न घेता खोक्यांवर रॅप केला, तर सत्तेतल्या पक्षाच्या कार्यकर्त्याच्या तक्रारीवरून थेट अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. त्यात कोयता नव्हता, टोळी नव्हती, फक्त टोमणा होता. गुंडाच्या गाण्यावर कारवाई हवी म्हणणाऱ्या माझ्या भाऊजींना मुंगासेचं गाणं मात्र फार आवडलं होतं, त्यांनीच ते फॉरवर्ड केलेलं मला आठवतंय. पोलीस ठाण्यात एकदा गाणी ऐकायला बसले, की कुठलं गाणं ऐकायचं हे भाऊजी ठरवणार नाहीत.

आणि अमेरिकेच्या कडकपणाचं कौतुक करणाऱ्यांना हेही माहीत असावं, की कागदावर मोक्का रिकोहून कडक आहे. मोक्काखाली अधीक्षक किंवा त्याहून वरच्या पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा होतो, आरोपपत्राला १८० दिवस मिळू शकतात, जामिनासाठी आरोपी दोषी नाही असं मानायला कोर्टाला सबळ कारण दिसावं लागतं. अमेरिकेकडून उसनं घ्यायला काही उरलेलं नाही. घ्यायचंच असेल तर कॅलिफोर्नियाचं घ्या. तिथे सप्टेंबर २०२२ मध्ये कायदा झाला. गाणं, कविता, नाच असलं काही पुराव्यात आणायचं तर आधी ज्युरीच्या अपरोक्ष न्यायाधीशाला पटवावं लागतं, की याचा या गुन्ह्याशी नेमका संबंध आहे आणि ते ऐकून ज्युरीचं मन विनाकारण कलुषित होणार नाही. जॉर्जियात असा कायदा नाही.

माझ्या मुलीच्या फोनमध्ये थगची गाणी अजून आहेत. तिच्या मैत्रिणी, म्हणजे अल्फारेटातल्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या मुली, त्याच्या ओळी हातवाऱ्यांसकट म्हणतात, त्याचे व्हिडिओ टाकतात. फुल्टन काउंटी तीच, सरकारी वकीलही तेच. या पोरींचे हातवारे कुणी टोळीची खूण म्हणून नोंदवणार नाही, याची मला शंभर टक्के खात्री आहे. तेच चाळीस किलोमीटर दक्षिणेला, थग वाढला त्या दक्षिण अटलांटात क्लीव्हलंड अव्हेन्यूवर, त्याच वयाच्या काळ्या मुलाने केलं, तर ते आरोपपत्रात कृत्य क्रमांक अमुक म्हणून येऊ शकतं. आम्ही इथे ज्या कायद्याच्या राज्याचं घरच्यांपुढे कौतुक करतो, ते आम्हाला आमच्या पिनकोडमुळे इतकं गुळगुळीत लागतं.

भाऊजींचा धाकटा, माझा भाचा, कोथरूडच्या कॉलेजात शिकतो आणि रॅप लिहितो. शिव्यांसकट, भाई, घोडा, कोयता सगळं त्यात आहे; त्याने आयुष्यात सुरीने कांदाही चिरलेला नाही. गेल्या आठवड्यात त्याने मला एक ट्रॅक पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, बाबांना दाखवू नको." मी नाही दाखवला. भाऊजींना एवढंच लिहिलं, की तुमच्या मागणीतल्या 'गाणं म्हणणाऱ्यालाही' या भागात जनता वसाहतीच्या झोपडपट्टीतली पोरं धरायची की कोथरूडचीही, तेवढं एकदा स्पष्ट करा. निळ्या खुणा आल्यात. उत्तर आलेलं नाही.