पंचवीस दप्तरं, चोवीस पोरं

आत्ताच घरी आले. साडी बदलली नाही, पाणीसुद्धा प्यायले नाही. आधी हे लिहून टाकते. सकाळपर्यंत राग उतरेल आणि मग मी नेहमीसारखी ग्रुपवर "सुंदर आयोजन, अभिनंदन" टाकून दोन हात जोडलेले चिटकवून मोकळी होईन. तेरा वर्षं तेच करत आले आहे.

आज आमच्या समाजसेवेच्या क्लबचं इन्स्टॉलेशन होतं, म्हणजे नव्या अध्यक्षांचं पदग्रहण. कुठला क्लब ते विचारू नका. ज्यांना ठाऊक आहे त्यांना आहे, ज्यांना नाही त्यांनी आपलाच समजावा. फार फरक पडणार नाही. नागपुरात वर्धा रोडवरचं हॉटेल, स्टेजवर अकरा खुर्च्या, मागे भिंतभर एलईडी. जुन्या अध्यक्षांनी गळ्यातली कॉलर, म्हणजे पदाचा पट्टा, काढून नव्यांच्या गळ्यात घातली, घंटा वाजली, सगळे उभे राहिले. आणि हॉलच्या पार मागे, वेटर लोक जिथून ये-जा करतात त्या दाराशी, एका शाळेतली पंचवीस पोरं बसवलेली होती. पाचवीतली. त्यांना दप्तरं वाटायची होती.

पोरांना साडेसहाला बोलावलं होतं. प्रमुख पाहुणे आले आठला. मग दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत. प्रत्येक पोराच्या शर्टावर आकडा लिहिलेलं स्टिकर होतं, स्टेजवर कोणी कोणामागून यायचं त्याचं. दप्तरांची पाळी आली पावणेदहाला. तोवर सतरा नंबरची मुलगी बाईंच्या मांडीवर गाढ झोपली होती. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, एक चप्पल पायात आणि एक खुर्चीखाली. बाई तिला हलवायला लागल्या तर मीच म्हटलं, राहू द्या हो.

निवेदकानं पुकारलं, "सतरा!" कोणी उठेना. तर आमच्या एका पदाधिकाऱ्यानं सोळा नंबरच्या पोरीला खांद्याला धरून वळवलं आणि परत स्टेजवर चढवलं. दुसऱ्यांदा दप्तर, दुसऱ्यांदा फोटो. तो फोटो हलला म्हणून फोटोग्राफर ओरडला, "सर, एकदा परत द्या!" तिच्या हातातलं दप्तर काढून घेतलं आणि पुन्हा दिलं. पोरगी हसली बरं का तिन्ही वेळा. सांगितलं होतं ना हसायला.

पंचवीस दप्तरं, पंचवीस फोटो, चोवीस पोरं. उद्या अहवालात पंचवीस लिहिलं जाईल.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. पोरांना दप्तर तर मिळालं. मिळालं, मान्य. चांगलंही होतं, चेन ओढून पाहिली मी. पण मला तिथे बसल्या बसल्या मेडिकल चौकातले, सरकारी दवाखान्यासमोरचे माठ आठवून राहिले होते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाचे आमचे अध्यक्ष इतवारीतले किराणावाले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. आम्ही सगळे काकाच म्हणायचो. त्या वर्षी मेडिकलसमोर आमची पाणपोई होती. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे. गडचिरोलीहून, बालाघाटहून, छिंदवाड्याहून आलेले पेशंटचे नातेवाईक प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे. सहा माठ, त्यांना ओली पोती गुंडाळलेली, वर लाकडी झाकण, लांब दांड्याचा ओगराळा. नागपुरात पाणपोईचं उद्घाटन करणारे ढिगानं सापडतात. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेपर्यंत त्या पाणपोईत पाणी असेल तर मला कळवा. फ्लेक्स टवटवीत असतो आणि माठात कोळ्यानं जाळं केलेलं असतं.

आमचे माठ पंधरा जूनपर्यंत भरलेले होते. काकांकडे एक लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी होती, दुकानात उधारीची असते तसली. तिच्यात त्यांनी वार वाटून दिले होते. सोमवार कोणाचा, मंगळवार कोणाचा. सकाळी साडेसहाला जायचं, माठ घासायचे, शेजारच्या चहावाल्याच्या नळाला पाईप लावून भरायचे, पोती भिजवायची. चाळीस मिनिटांचं काम. एका सभासदानं पाळी चुकवली. एकदा नाही, सलग तीन आठवडे. तर काका स्वतः त्यांच्या लुना मोपेडवर इतवारीहून मेडिकलपर्यंत आले, माठ भरून गेले, आणि कोणाला बोलले नाहीत. ना मिटिंगमध्ये, ना त्या सभासदाला.

हे मी आज का सांगून राहिले? कारण आज नव्या अध्यक्षांच्या भाषणात "लीडरशिप" हा शब्द मी नऊ वेळा मोजला. मधे तर एका पाहुण्यानं कंपनीच्या सीईओचं उदाहरण दिलं. अहो, सीईओ पगार देतो! कामावरून काढू शकतो! क्लबच्या अध्यक्षाच्या हातात काय असतं? आपण वर्गणी भरून येतो, आपल्या वेळेनं येतो, रुसलो तर येत नाही. त्याला आपल्याला मेमो देता येत नाही. उरतं काय तर स्वतः वेळेवर येणं, फोन करणं, कोण सध्या कसल्या अडचणीत आहे ते लक्षात ठेवणं. आणि लाज. आपल्याला वाटेल अशी लाज, पण चारचौघांत काढलेली नाही. ही शेवटची गोष्ट कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील तर मला माहीत नाही.

गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घ्यायचे, कीर्तन संध्याकाळी. आपण आधी कीर्तन करतो, मग जेवतो, मग घरी जातो. झाडू हॉटेलवाल्याकडे असतो.

आणि एक वर्षाची ती भानगड. रोटरी घ्या, लायन्स घ्या, एक जुलैला वर्ष सुरू, तीस जूनला संपलं. पद एका घरात मुरू नये म्हणून ही पद्धत चांगलीच आहे, वाद नाही. पण होतं काय, प्रत्येक अध्यक्षाला आपल्या नावाचा प्रोजेक्ट हवा असतो. मागच्यानं झाडं लावली का? मग मी बाकडी बसवतो. त्या झाडांना पाणी कोण घालणार? ते "मागच्या टर्मचं" आहे! रोटरीवाल्यांनी पोलिओचं काम हातात घेतलं १९८५ साली. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि पोलिओमुक्त म्हणून शिक्का मिळाला २७ मार्च २०१४ ला. म्हणजे एकेका क्लबात पंचवीस-तीस अध्यक्ष येऊन गेले. प्रत्येकानं "पोलिओ आधीच्यांचा होता, मी आपला मोतीबिंदू घेतो" म्हटलं असतं तर? हो, सरकार होतं, घरोघर फिरणाऱ्या बाया होत्या, सगळं श्रेय क्लबांचं नाही. तेवढं मला कळतं.

आमच्याकडे काकांची टर्म संपली आणि पुढच्याच उन्हाळ्यात पाणपोई बंद. पुढच्या अध्यक्षांनी वॉटर कूलर दान दिला. फीत कापली. दोन महिन्यांत तो बिघडला, आणि दुरुस्तीचा खर्च कुठल्या टर्ममध्ये टाकायचा यावर आमच्या दोन मिटिंगा झाल्या. दोन!

रक्तदानाचंही तेच. मागे एका अध्यक्षांनी स्वतःच्या वाढदिवसाला शिबिर घेतलं, ऐन ऑगस्टमध्ये, पंधरा ऑगस्टच्या आगेमागे, जेव्हा शहरात गल्लोगल्ली शिबिरं असतात. पिशवीतलं रक्त पस्तीस दिवस टिकतं. पस्तीस. पुढे मे महिन्यात कॉलेजला सुट्ट्या, माणसं गावाला, उन्हानं कोणी घराबाहेर निघत नाही, आणि सिकलसेलच्या, थॅलेसेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या पोरांचे आईबाप मात्र दारोदार फिरतात. सिकलसेल म्हणजे काय ते विदर्भात मी सांगायची गरज नाही. रक्तपेढीला एक फोन करून "तुम्हाला कधी लागेल?" एवढं विचारायला कसली लीडरशिप लागते बाप्पा? काकांच्या त्या चोपडीत मागच्या पानांवर प्रत्येक सभासदाचा रक्तगट होता आणि पुढे पेन्सिलीनं शेवटची तारीख. पुरुषांना तीन महिने, बायांना चार महिने, ते मोजायचे आणि फोन करायचे, "द्या आता."

आता काकांना देव करत नाही. त्यांच्या वर्षात नवे सभासद फक्त दोन आले. वर रिपोर्ट वेळेवर गेले नाहीत, त्यामुळे डिस्ट्रिक्टचं, म्हणजे क्लबांच्या वरच्या विभागाचं, एकही बक्षीस मिळालं नाही. इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. बॅनरचं त्यांना वावडं होतं आणि बॅनरशिवाय देणगीदार येत नाहीत, हेही खरं. चालायचं.

पण माणूस माठ भरायचा ना.

दर विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर बघा एकदा. लाखो लोक येतात बाहेरगावाहून. दर पन्नास पावलांवर कोणी पुरी-भाजी देतंय, कोणी पाणी, कोणी फुकट औषधं. तिथेही बॅनर असतात, नाही कशाला म्हणू, पण पोळ्या लाटणाऱ्या बाईला विचारा अध्यक्ष कोण ते. ती म्हणेल आधी जेवून घ्या. आणि आम्ही! लायन्सनं १९८७ मध्ये बायकांना दार उघडलं, रोटरीनं १९८९ मध्ये. आज आम्ही सात बायका त्याच दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या होतो, पाहुण्यांची वाट बघत, दीड तास. आमच्यात एक सीए आहे, एक भूलतज्ज्ञ आहे. मी सत्तावीस वर्षं बँकेत कॅश सांभाळली. आमच्याकडे ताट.

यंदा तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत, वाईट गोष्टींचे पुतळे काढून जाळतात ना त्या, एक बडग्या, म्हणजे तसला पुतळा, कॉलरवाला काढा रे कोणीतरी. फ्लेक्सचा करा, आमच्याकडे पडून आहेत चिक्कार, मी देते. रोग-राई, खोकला-खासी, सत्कार-समारंभ घेऊन जा गे मारबत!

...

चहा घेतला. जरा बरं वाटलं.

मघाशी लिहिलं ना, "एका सभासदानं पाळी चुकवली". ती मी होते. बुधवार माझा होता. आजारी नव्हते, बाहेरगावी नव्हते. रात्रभर खसच्या कूलरची हवा, पहाटेची झोप, आणि "एक दिवस नाही गेलं तर काय होते" असा विचार. तीन बुधवार. चौथ्या बुधवारी गेले तर चहावाला मला म्हणतो, "ताई, तुमच्या बुधवारी थे लुनावाले बाबाच येतेत ना? मले वाटलं तुमी सोडलं." पाईप हातात धरून मी उभी, आणि माठ अर्धे भरलेले. काका येऊन घासून गेले होते आधीच.

त्याच दिवशी त्यांच्या दुकानात गेले. ट्रक लागलेला, तुरीच्या डाळीची पोती उतरून राहिले होते हमाल. बुधवार म्हणजे त्यांच्या दुकानात माल यायचा दिवस, हे मला तिथे जाऊन कळलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "बुधवारी मले सकाळी काय काम असते? फिरनं होते तेवढंच. बसा, पाणी प्या." पाणी प्या म्हणाले हो! त्यांना कळलंही नसेल काय बोलले ते. किंवा पक्कं कळलं असेल.

त्यानंतर माझा एक बुधवार चुकला नाही. काकांना जाऊन आता पाच वर्षं झाली. ती चोपडी कोणाकडे आहे, क्लबात कोणालाच माहीत नाही. कॉलर मात्र मखमलीच्या डब्यात असते.

हे लिहिता लिहिता व्हॉट्सअ‍ॅप वाजलं. मला वाटलं ग्रुपवर फोटो आले. आलेच होते, शहाऐंशी. त्यांच्याखाली नव्या अध्यक्षांचा वेगळा मेसेज, माझ्या एकटीच्या नंबरवर:

"ताई, झोपलात का? त्या झोपलेल्या मुलीचं दप्तर माझ्या गाडीत आलं आहे. शाळेशी तुम्हीच बोलला होता ना? सकाळची शाळा असते का? नेऊन देऊ."

म्हणजे पाहिलं होतं तर त्यांनी. स्टेजवरून, एवढ्या दिव्यांच्या उजेडातून, मागच्या दाराशी. मग तेव्हाच का नाही थांबवलं ते, सोळा नंबरच्या पोरीला तीनदा का हसू दिलं? हे मी विचारणार आहे, सोडणार नाही. पण पाहिलं होतं.

माणूस वाईट नाही हो. चाळिशीचा आहे, धंद्यातून वेळ काढतो, आणि आज अकरा जणांनी त्याला कानात सांगितलं असेल काय करायचं ते. मी पण त्यातली एक. पोरांना बोलवा ही कल्पना माझीच होती, ते वर लिहायचं राहून गेलं.

कळवलं त्यांना. सात वीसला शाळा भरते, सात वाजता गेटवर या. त्यांचं उत्तर, "फोटोग्राफर नको ना?" मी म्हटलं नको.

ही पोस्ट टाकू का नको असं झालंय आता. टाकते. काढायला लावली तर काढेन.

साडेबारा वाजून गेले. म्हणजे बुधवार लागला. गजर सहाचा लावलाय, आणि एक पावणेसहाचा.