रात्री निघून उलुरू गाठायचा सल्ला नका मानू

शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की ॲडलेड-मेलबर्नकडच्या मराठी मंडळींत उलुरूला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या त्या प्रचंड खडकाला, गाडीने जाण्याबद्दल एक मेसेज फिरायला लागतो. ‘ॲडलेड ते उलुरू सरळ हायवे, फक्त 17 तास. आळीपाळीने चालवा, रात्री निघा, ऊन लागत नाही. पेट्रोल-पाणी वाटेत मिळतं, गूगल मॅप आहेच. गाडी बंद पडलीच तर पुढच्या पंपाकडे चालत निघा.’ पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

हायवे सरळ आहे, हे मात्र खरं. स्टुअर्ट हायवे पूर्ण डांबरी आहे, साधी सेडान चालते.

पण रात्री नको! कांगारू पहाट-संध्याकाळी आणि रात्रीच रस्त्यावर येतात. कुंपण नसलेल्या भागात गुरंही डांबरावर बसलेली असतात. ताशी 110 च्या वेगात गाडी सेकंदाला 30 मीटर जाते. हेडलाइटमध्ये जनावर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. घाबरून स्टिअरिंग फिरवलं की गाडी उलटते. शिवाय भाड्याच्या गाडीच्या करारात शहराबाहेर रात्री जनावराला धडकल्यास विमा नाही, असं कलम बऱ्याचदा असतं. तो कागद नीट वाचा. रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, तर 53.5 मीटरपर्यंत लांब असते. तिला ओलांडायला किती मोकळा रस्ता लागतो याचा अंदाज अंधारात येतच नाही.

‘पेट्रोल मिळतं’, पण कुठे? ग्लेनडॅम्बो सोडलं की कूबर पेडीपर्यंत सुमारे 250 किलोमीटर एकही पंप नाही, आणि बरीच रोडहाऊस, म्हणजे हायवेवरचे पंप-खाणावळी, रात्री बंद होतात. त्यामुळे अर्धी टाकी असली तरी दिसेल त्या पंपावर भरून घ्या.

गूगल मॅपचं म्हणाल, तर गावं सोडली की लांबच लांब पट्ट्यांत रेंज नसते. नकाशा आधी डाउनलोड करा. ऊडनाडाट्टा ट्रॅकसारखा कच्चा रस्ता जवळचा वाटला तरी वळू नका. पावसानंतर तो बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक. गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. कधीच नाही. गाडीची सावली मिळते आणि विमानातून माणसापेक्षा गाडी कितीतरी लवकर दिसते. उन्हात चालणाऱ्याचं पाणी काही तासांत संपतं. माणशी दिवसाला 10 लिटर पाणी, चांगली स्टेपनी आणि उपग्रहाला संकटाचा संदेश देणारा बीकन सोबत ठेवा. कुठून निघालो, कुठे पोचणार, हे घरी कळवून ठेवा.

तीन दिवस काढा. पहिल्या दिवशी पोर्ट ऑगस्टा, 310 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी कूबर पेडी, 540. तिथे जमिनीखालच्या खोलीत राहा, मुलांना फार आवडतं. तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघून एर्लडुंडाला डावीकडे वळा. सुमारे 735 किलोमीटर होतात, म्हणून वाटेत रेंगाळू नका आणि अंधार पडायच्या आत उलुरूजवळच्या युलारा गावाला पोचा.