एक लोकल बोटवाला

सकाळपासून डोकं फिरलंय. ज्याच्या पोस्टमुळे फिरलंय तो इथेच फ्रेंडलिस्टमध्ये आहे. वाचू दे.

गणपती झाल्यावर आम्ही सात जण मालवणहून समुद्री पक्षी बघायला गेलो होतो. किनाऱ्यावरचे कुरव नव्हे. चांगलं तीसेक किलोमीटर आत, जिथून किनारा म्हणजे नुसती धुरकट रेघ. तिथे काढलेला विल्सन्स स्टॉर्म पेट्रलचा फोटो आज त्याने टाकलाय. फोटो अप्रतिम आहे, प्रश्नच नाही. खाली आभार: लेन्स उसनी देणारा मित्र, पुण्याचा ग्रुप, बायको. आणि सगळ्यात शेवटी, "एक लोकल बोटवाला".

एक! लोकल! बोटवाला!

अरे, तांडेल म्हणतात त्यांना, बोटीचा प्रमुख. आपण सगळे दुर्बिणी गळ्यात घालून बसलो होतो आणि लाटांमध्ये एकालाही धड काही दिसत नव्हतं. दुर्बीण लावली की आभाळ, पाणी, आभाळ, पाणी. मी तर दुसऱ्या तासापासून कठड्याला लटकून ओकत होते. तांडेलकाकांनी लिंबू हातात दिलं आणि म्हणाले, "ताई, पाण्यात बघू नका. लांब, आभाळाच्या कडेर नजर ठेवा." मग लांबवर घिरट्या घालणाऱ्या सुरयांच्या थव्याकडे बोट नेली. खाली मोठा मासा तारल्यांना वर ढकलतोय, हे त्यांना नुसत्या डोळ्यांनी कळलं. तिथे पोचल्यावर, "मशीन बंद कर रे. आता गप ऱ्हवा. पाखरां येतली."

बालदीभर बांगड्यांची आतडी पाण्यात सोडली. वास तुम्हीच कल्पना करा, माझी काय अवस्था झाली असेल ते. पण या पक्ष्यांचं नाक भलतंच तिखट, तेलकट वासावर ते लांबून येतात. वीसेक मिनिटं काही नाही. आपला हाच फोटोग्राफर कुरकुरत होता, "चला ना पुढे, टाइम वेस्ट." विसरलास?

आणि मग ते आलं. जेमतेम बुलबुलाएवढं, काळपट, पाठीमागे पांढरा पट्टा. तीस-चाळीस ग्रॅमचा जीव, अंटार्क्टिकाच्या बाजूला घरटं करतो आणि आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रात येतो. पाय खाली सोडून पाण्यावर टपटप, टपटप चालत होतं. मी ओकायची विसरले.

फोटोवरून ओळख त्याने पटवली, हे कबूल. शेपटीच्या मागे पाय डोकावतात, ते मला सात जन्मांत दिसलं नसतं. भाडंही रोख, ठरल्याप्रमाणे दिलं. बरं.

पण ईबर्डवरच्या, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवरच्या यादीत निरीक्षक म्हणून सात नावं आहेत. सात! त्यात माझंही आहे. निम्मा वेळ मी फक्त स्वतःचा नाश्ता पाहिला, आणि मी निरीक्षक! ज्याला ते पाखरू सगळ्यात आधी दिसलं, तो बोटवाला. त्यांचं अकाउंट नाही म्हणे. मग खाली टिपणाची जागा कशाला असते?

हे एकट्या त्याचंच नाही म्हणा. मागच्या वर्षी वेंगुर्ला रॉक्सच्या खडकाळ बेटांवर बोटीने जाऊन आल्यावर मीही पोस्ट टाकली होती. मघाशी उघडून बघितली. "बोट छान होती" एवढंच लिहिलंय मी. बोट.

म्हणून आधी तावातावाने तांडेलकाकांना फोन लावला. म्हटलं, तुमचं पूर्ण नाव आणि नंबर टाकते पोस्टमध्ये. मागे जाळी ओढायचा गलका चालला होता. खो खो हसले.

"नाव कित्याक व्हया? लोक फोन करून पाखरां विचारतले. मी मासे मारू काय पाखरां दाखवू?"

म्हणून नाव लिहीत नाहीये. फोन ठेवताना त्यांनी एकच विचारलं, "उलटी थांबली मा तुमची?"